घरी राहण्याइतपत आजारी

नोल्टिंगबाईंचं पत्र आलं तेव्हा अंगणातल्या सफरचंदाची शेवटची पानं गळत होती. आता त्याच झाडाला कळ्या धरायची वेळ आली, तरी पत्राला उत्तर गेलं नव्हतं. पत्र काही लपवून ठेवलेलं नव्हतं. ओटफ्रीड ब्राकमायर मास्तरांच्या लिहिण्याच्या टेबलावर, दिव्याच्या पायथ्याशी ते उघडंच पडलेलं असे, आणि मास्तर रोज सकाळी त्याच्याकडे एकदा बघून, रस्त्यात सावकार दिसावा तसे नजर वळवून घेत.

पत्रात अवघड असं काहीच नव्हतं. "ब्राकमायर मास्तर, माझ्या समोरची खोली रिकामी झाली आहे. कशी ते विचारू नका, इथे खोल्या एकाच पद्धतीने रिकाम्या होतात. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. जेवणात मीठ नसतं. दुपारी एक बाई येऊन आम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवते, त्यातही नेमकं निधनवार्तांचं पान. तुम्ही आलात तर निदान एका माणसाशी नीट भांडता येईल. येता का, ते कळवा. नाही म्हणालात तरी चालेल, पण कळवा."

रोस्विता नोल्टिंग म्हणजे जर्मनीतल्या लेमगो गावाच्या बाजारचौकातल्या औषधांच्या दुकानाच्या पूर्वीच्या मालकीण, आणि तीस वर्षं मास्तरांच्या शेजारीण. कुंपणावरून पुस्तकं नेत आणि परत करताना समासात पेन्सिलीने शेरे मारून देत. मास्तर दर वेळी कपाळाला आठ्या घालून पुस्तक परत घेत आणि दार लावल्यावर आधी ते शेरे वाचत. पुढे बाईंची नजर गेली, मग पाठीचा मणका मोडला, आणि त्या इस्पितळात असतानाच त्यांच्या पुतण्याने घर विकून टाकलं. तिथून त्या सरळ गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात गेल्या. पत्र त्यांनी तिथल्या एका मदतनीस मुलीला सांगून लिहवलं होतं.

मास्तरांचं घोडं इथेच अडलं होतं. जी मुलगी पत्र लिहिते, तीच उत्तर वाचून दाखवणार. तेही बहुधा जेवणाच्या हॉलमध्ये, मोठ्या आवाजात, कारण बाईंना ऐकूही कमी येत होतं. चाळीस वर्षं शाळेत लॅटिन आणि भूगोल शिकवून, शाळेचं ग्रंथालय सांभाळून, ज्या माणसाचे कान शेवटपर्यंत हजेरी घेताना लाल होत, त्याने अशा जाहीर वाचनासाठी काय लिहावं? फोनचं तर नावच नको. तो वाजला की मास्तर थांबेपर्यंत श्वास रोखून बसत. त्यांनी उत्तराचे मसुदे केले नव्हते असं नाही. एक फार लांब झाला, एक एखाद्या सरकारी खात्याने पाठवल्यासारखा झाला, आणि एक सुरू झाला बाईंच्या प्रकृतीपासून पण संपला आल्प्सच्या खिंडींवर. तिन्ही टोपलीत गेले.

शिवाय लिहायचं तरी काय? 'नाही' लिहावं तर बाईंना त्या बिनमिठाच्या जेवणापाशी एकटं सोडल्यासारखं होणार. 'हो' लिहावं तर घर सोडावं लागणार. आणि मास्तरांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती: या घरातून उठून कुठेही न जाणं. त्याची कारणं त्यांना कुणी विचारली असती तर ती त्यांना सांगता आली नसती. खाली पुस्तकं होती, वर पुस्तकं होती, आणि मधल्या जिन्यातही प्रत्येक पायरीच्या भिंतीकडच्या बाजूला पुस्तकं होती. जिना चढून मात्र त्यांना सहा महिने झाले होते. गेल्या शरदात याच जिन्यावरून पडून त्यांचा खुबा मोडला होता.

तेव्हापासून घरात ग्राझिना राहत होती. ती पोलंडमधली, ओपोलेच्या बाजूची. वय साठीला टेकलेलं, आवाज अंगणभर. दर काही महिन्यांनी ती बसने आपल्या गावी जाई, तेवढ्यापुरती कुणीतरी बदली येई, आणि मास्तर ते दिवस कॅलेंडरकडे बघत काढत. ती त्यांना 'प्रोफेसर' म्हणे. तिच्याकडे शाळामास्तरांनाही प्रोफेसरच म्हणतात, पण मास्तरांना ती फसवणूक वाटे.

"अहो, मी प्रोफेसर नाही," त्यांनी पहिल्याच आठवड्यात खुलासा केला होता.

"मग हा सगळा कागद कुणाचा? घर सोडून गेलेल्या प्रोफेसरचा?" असं म्हणून ग्राझिनाने त्यांचा पायमोजा चढवला होता आणि विषय संपवला होता.

आता प्रश्न ग्राझिना राहते की जाते हाच होता. विम्याकडून मिळणारी मदत श्रेणीवर ठरे. एकपासून पाचपर्यंत श्रेणी, माणूस जितका असहाय तितका आकडा मोठा. मास्तर दुसऱ्या श्रेणीत होते. तेवढ्यात ग्राझिना परवडत नव्हती. उरलेला भार कासेलला राहणारी त्यांची मुलगी डोर्टे उचलत होती आणि तिने स्वच्छ सांगितलं होतं, ईस्टरपर्यंत. पुढे नाही. म्हणून तिने श्रेणी तीनसाठी अर्ज केला होता, आणि तपासनीस बाई घरी येऊन मास्तरांना बघून जाणार होत्या. तीन मिळाली तर घर. नाही मिळाली तर नोल्टिंगबाईंच्या समोरची खोली.

"तुम्हाला करायचं काहीच नाहीये," डोर्टे फोनवर म्हणाली. "फक्त जसे आहात तसे दिसा."

हे सांगायला सोपं होतं.

ग्राझिनाने तालमी सुरू केल्या. तिने बेदाणे घातलेला बटाट्याचा पिकर्ट तव्यावरून ताटात टाकला, मास्तरांचाच चष्मा नाकावर चढवला आणि समोर बसली.

"मी आता ती तपासणीवाली बाई. काय हो ब्राकमायरसाहेब, शर्टाची बटणं तुमची तुम्ही लावता?"

"साधारणपणे..."

"साधारणपणे काय? वरची बटणं कोण लावतं?"

"तुम्ही."

"आणि खालची?"

"तीही तुम्हीच. पण मी सुरुवात करतो."

"सुरुवात सरकारही करतं! म्हणा, 'मला जमत नाही.'"

मास्तरांनी तोंड उघडलं. तोंडात पिकर्टचा घास घातला. सावकाश चावला.

"पिकर्ट फार उत्तम झालाय," ते म्हणाले.

"प्रोफेसर, मी तुम्हाला खोटं बोलायला सांगतेय का?"

"मुळीच नाही."

"खरं बोलायला सांगतेय ना? मग खरं बोलताना तुमच्या पोटात का दुखतं?"

खोटं बोलणं मास्तरांना कधी जमलं नव्हतं, आणि हे असलं खरं बोलणं त्यांना खोट्याहूनही निर्लज्जपणाचं वाटत होतं. परक्या बाईला घरात बोलवायचं, खुर्ची द्यायची, आणि मग तिला सांगायचं की मला संडासात धरून न्यावं लागतं! त्यांच्या आईने त्यांना दुसरंच शिकवलं होतं. पाहुण्यासमोर आजार काढायचा नाही, बाई उभी असताना बसायचं नाही, आणि कोट नेहमी धरायचा. आई जाऊन पन्नास वर्षं होत आली होती, पण तिने लावलेली शिस्त खुब्यापेक्षा पक्की निघाली होती.

तपासणीच्या दिवशी डोर्टे सकाळीच कासेलहून आली. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तिथेच थांबली.

"ग्राझिना, हे काय केलंय?"

खिडक्यांच्या काचा आरशासारख्या झाल्या होत्या. पडदे इस्त्री केलेले. टेबलावर चांगला टेबलक्लॉथ, चांगले कप, आणि मधोमध चीजचा उंच केक, वर पिठीसाखर.

"पाहुणी येणार म्हटल्यावर?" ग्राझिना म्हणाली. "तिने धूळ बघितली तर म्हणेल, पोलंडची बाई आळशी आहे."

"अगं, तिने धूळ बघायलाच हवी होती!"

"धूळ प्रोफेसरांच्या अंगावर बघू दे. माझ्या घरात नाही." घर तिचं नव्हतं, हे या घडीला कुणाच्याच लक्षात आलं नाही.

एवढ्यात मास्तर वॉकर ढकलत आले. दाढी गुळगुळीत, हनुवटीवर छोटी चिकटपट्टी, गळ्यात टाय. ग्राझिनाने टाय आदल्या दिवशी लपवून ठेवला होता, तो त्यांनी शोधून काढला होता. दाढी करायला त्यांना किती वेळ लागला असेल, ते न्हाणीघरातल्या रक्ताने लाल झालेल्या टॉवेलवरून दिसत होतं.

"पप्पा," डोर्टे म्हणाली, "एक दिवस. फक्त एक दिवस अजागळ राहता नाही आलं?"

"मी जसा आहे तसाच आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं.

तपासनीस लिंडहोर्स्टबाई वेळेवर आल्या. ग्राझिनाने उभी केली होती तशी खाष्ट अधिकारी कुठे दिसेना. मऊ आवाजाच्या, दमलेल्या, पन्नाशीच्या बाई. त्या दारात कोट काढू लागल्या आणि मास्तरांनी वॉकर सोडला. कुणी काही म्हणायच्या आत ते दोन पावलं पुढे झाले, कोट मागून अलगद धरला, उतरवला आणि खुंटीला अडकवला. डोर्टेने ग्राझिनाकडे बघितलं. ग्राझिनाने वर छताकडे बघितलं.

मग प्रश्न सुरू झाले. लिंडहोर्स्टबाईंच्या मांडीवर छोटा कॉम्प्युटर होता.

"सकाळी उठताना मदत लागते?"

"ग्राझिना फार मदतीच्या आहेत," मास्तर म्हणाले.

"म्हणजे लागते?"

"त्या करतात. त्यांना आवडतं."

"पप्पांना एकट्याने उठता येत नाही," डोर्टे मध्ये पडली. "बऱ्याचदा रात्री..."

"मुलगी जरा काळजी करते," मास्तर बाईंना समजावत म्हणाले. "लांब राहते ना."

"आंघोळ?"

"दर शनिवारी. आणि मधेही, हो."

"एकट्याने?"

ग्राझिना खोकली. मास्तरांचे कान लाल झाले. तीन शब्द जिभेवर आले, दातांपर्यंत आले. समोर एक भली बाई बसली होती, तिच्या पुढ्यात केक होता, आणि तिने अजून एक घासही घेतला नव्हता.

"आपण आधी केक घ्या," ते म्हणाले.

बाईंनी केक घेतला. खाता खाता त्यांची नजर भिंतीवरच्या नकाशांवर गेली. आजीचं गाव तिकडे श्लेझियनमध्ये होतं, आता पोलंडमध्ये गेलेल्या मुलखात, त्या सहज म्हणाल्या. युद्धानंतर नाव बदललं, आजी गेली, आणि ते गाव नेमकं कुठे होतं हे आता घरात कुणालाच माहीत नाही. आताच्या नकाशात जुनं नाव सापडत नाही. त्यांनी नाव सांगितलं.

मास्तरांनी डोळे मिटले. "वर आहे," ते म्हणाले.

"काय?"

"अॅटलास. युद्धाच्या आधीचा. त्यात असणार."

"पप्पा, बसा," डोर्टे म्हणाली. पण पप्पा उठले होते.

खालच्या तिघींना मग फक्त आवाज ऐकू आले. कठड्याची करकर. पायरी. थांबणं. पायरी. एक पुस्तक घसरून खाली आलं, त्याचा धपका. लिंडहोर्स्टबाई अर्ध्या उठल्या, तेव्हा वरून मास्तरांचा शांत आवाज आला, "आपण कॉफी घ्या, थंड होईल." मग वरच्या जमिनीवर पावलं. मग शिडी सरकवल्याचा आवाज.

"शिडी," ग्राझिना कुजबुजली आणि तिने छातीवर क्रूस काढला.

डोर्टेने स्वतःला केकचा मोठा तुकडा कापून घेतला.

बऱ्याच वेळाने मास्तर खाली आले ते पाठ कठड्याला घासत, अॅटलास छातीशी कवटाळून. चेहरा कागदासारखा पांढरा आणि डोळे वीस वर्षांनी लहान. त्यांनी पान शोधलंसुद्धा नाही, एकदम उघडलं. बोटाने नदी धरली, नदीवरून पूल, पुलावरून रस्ता. "हे."

लिंडहोर्स्टबाई वाकल्या. बारीक अक्षरांत आजीचं गाव होतं. त्यांचे डोळे भरून आले. ग्राझिनाही वाकून बघू लागली. "अरे, हे तर आमच्या शेजारचं! माझ्या वहिनीचं माहेर! आता तिथे मोठं दुकान झालंय, सगळं मिळतं." मग दोघी बायका त्या गावावर बोलत बसल्या, आणि मास्तर खुर्चीत टेकून ऐकत राहिले. गेल्या वर्षभरात ते इतके सुखी झाले नव्हते.

निघताना बाईंनी कामाचा म्हणून एकच प्रश्न विचारला. तो मात्र त्यांनी अगदी आस्थेने विचारला. "ब्राकमायरसाहेब, हे असं रोज जमतं तुम्हाला?"

"अगदी," मास्तर म्हणाले. "आपण कधीही या." आणि त्यांनी बाईंचा कोट धरला.

दार लागलं. मास्तर खुर्चीपर्यंत पोचले, पण बसले ते पडल्यासारखे. त्यानंतर कित्येक दिवस ते पलंगावरून उतरू शकले नाहीत. ग्राझिनाने त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली, आणि हे सगळं करताना ती पोलिशमध्ये बोलत होती, म्हणजे काय बोलते ते त्यांना कळू नये इतपत माणुसकी तिने दाखवली.

निर्णय आला तो डोर्टेकडे. तिने फोन केला, ग्राझिनाने यंत्र मास्तरांच्या कानाशी धरलं.

"वाचते," डोर्टे म्हणाली. "'अर्जदार जिना आधाराविना आणि निश्चित हेतूने चढतात. अतिथींना कोट घालण्यास साहाय्य करतात. दिशाज्ञान व स्मरणशक्ती उल्लेखनीय. घर सुव्यवस्थित.' ग्राझिना, हे शेवटचं तुझ्यासाठी. 'श्रेणी दोन कायम. अर्जदारांना निरामय आयुष्यासाठी शुभेच्छा.'"

"भली बाई आहे," मास्तर पुटपुटले.

"फारच भली. पप्पा, ऐका. घरी राहण्याइतपत आजारी तुम्ही ठरला नाहीत. म्हणून आता तुम्हाला आश्रमात जावं लागणार."

"याला काही अर्थ आहे का?"

"मला काय विचारता? कोट तुम्ही धरलात. आश्रमाला श्रेणी दोन पुरते, वरचं बाकीचं नगरपालिका बघते. ग्राझिनाचं कुणी बघत नाही."

"अपील?"

"महिनोन्‌महिने चालेल. आणि लिहू काय त्यात? की माझे वडील सभ्य आहेत?" तिचा आवाज थोडा खाली आला. "नोल्टिंगबाईंच्या समोरची ती खोली आहे. मधे एक जण येऊन गेले, परत रिकामी झालीय. शुक्रवारपर्यंत सांगायचंय. पप्पा, मलाही हे बरं वाटत नाहीये."

"मला माहीत आहे, बाळा," मास्तर म्हणाले.

त्या दुपारी ते टेबलाशी बसले आणि नोल्टिंगबाईंचं पत्र पुढे ओढलं. आता उत्तर सोपं झालं होतं. 'हो, येतो' एवढंच लिहायचं होतं. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं आणि परत लावलं.

ग्राझिना तिथेच त्यांचे शर्ट इस्त्री करत होती, बॅगेत भरायचे म्हणून. "कुणाला लिहिताय?"

मास्तरांनी सांगितलं. आधी दोन वाक्यांत, मग ग्राझिनाने खोदून खोदून विचारल्यावर सगळंच: कुंपण, पेन्सिलीचे शेरे, पुतण्या, गाड्यांचा तळ, मीठ. ग्राझिना ऐकत राहिली. मग स्थळाची चौकशी करताना मुलाचा पगार विचारावा त्या सुरात तिने विचारलं, "त्या बाईंची श्रेणी किती?"

"चार."

इस्त्री हवेत थांबली. "चार? कागदावर? शिक्क्यासकट?"

"त्यांनी तपासनिसांना सांगितलं होतं, 'मला दिसत नाही, उभं राहवत नाही, ऐकायला अर्धं येतं, तुमचं अर्धं मी आत्ताच ऐकलेलं नाही, तेव्हा लवकर लिहून घ्या.'"

"बघा! याला म्हणतात बाई!" ग्राझिनाने इस्त्री आपटली. "चार श्रेणीची बाई तुम्ही सगळा हिवाळा उत्तराविना बसवून ठेवलीत? प्रोफेसर, दोन आणि चार. दोघांचे विम्याचे पैसे एका घरात. मी एक, तुम्ही दोघं. डोर्टेला आत्ता फोन करा, बसतंय की नाही विचारा. बसणारच!"

मास्तरांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं ते आधी कानांना.

"इथे? राहायला? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? या गल्लीत तुमच्याहून म्हातारं आता फक्त ते अक्रोडाचं झाड आहे. पण माझं ऐकून घ्या. दोघं म्हणजे काम दुप्पट. मला पगार वाढवून हवा, झोपायला वरची बागेकडची खोली हवी, तिथली पुस्तकं हलवायची. आणि रविवार माझा. रविवारी तुम्ही दोघं मेलात तरी सोमवारी बघू."

"आणि त्या कुठे राहतील? त्यांना जिना नको."

"खालची नकाशांची खोली."

भूगोलाची खोली! मास्तर बराच वेळ दारातून तिकडे बघत राहिले. घर आहे तसं राहावं म्हणून त्यांनी सगळा खटाटोप चालवला होता. आता घरात राहायचं तर घर आहे तसं राहणार नव्हतं. आल्प्स गॅरेजमध्ये जाणार, आफ्रिका बहुधा न्हाणीघराच्या बाहेर.

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर शुक्रवारी तुम्ही तिकडे जाल, आणि रोज त्यांच्या समोरच्या खोलीत बसून लाल व्हाल. आत्ता झालात तसे."

ग्राझिनानेच डोर्टेला फोन लावला. मग हिशेब करून डोर्टेने परत फोन केला आणि म्हणाली, बसतंय. पण बाईंना विचारायचं कोणी? "मी नाही विचारणार, पप्पा. आयुष्यात एकदा तरी तुम्हीच कुणाला तरी काहीतरी मागा."

राहता राहिली ती मदतनीस मुलगी आणि तिचं जाहीर वाचन. त्यावर उपाय मास्तरांना फ्रीजपाशी सापडला. ग्राझिना गोठवलेल्या डब्यांवर नावं टाकायला एक जाड काळं मार्कर पेन वापरत असे. मास्तरांनी ते उचललं. बाईंना कडेकडेचं अजून थोडं दिसतं, हे त्यांना ठाऊक होतं. अक्षर तळहाताएवढं काढलं तर त्या स्वतःच वाचतील, कुणाला बोलवायला नको. शिवाय एवढ्या मोठ्या अक्षरात हाताची थरथरही वळणासारखी दिसते.

एका कागदावर तीन-चार शब्द मावत. लांबण लावायची सोय नव्हती. आल्प्सच्या खिंडींना तर मुळीच जागा नव्हती. त्यांनी लिहिलं:

'नोल्टिंगबाई, मी येत नाही. तुम्ही या. भूगोलाची खोली रिकामी करतोय. ग्राझिना भरपूर मीठ घालते. भांडायला मी आहे. पेन्सिली टोकदार करून ठेवल्यात. उशीर झाला, क्षमा करा. ओटफ्रीड ब्राकमायर.'

पेन्सिलींचं त्यांनी दोनदा खोडायचं ठरवलं. पण खोडलं तर कागद काळा होणार होता, म्हणून ते राहिलं.

पाकीट विटेएवढं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राझिनाने हात पुढे केला. "द्या, मी बेकरीत चाललेच आहे."

"नको. मीच टाकणार."

"कोपऱ्यापर्यंत?"

"सरकारी कागदावर लिहिलंय," मास्तर म्हणाले. "आधाराविना आणि निश्चित हेतूने."

ग्राझिनाने त्यांना कोट घातला, मफलर गुंडाळला, आणि ती वॉकरच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालू लागली, सोबत नसल्यासारखी. अक्रोडाखाली ते एकदा थांबले. भिंतीपाशी एकदा थांबले. टपालपेटी पिवळी, कोपऱ्यावर, फटीला वरून झडप.

मास्तरांनी एका हाताने पाकीट वर नेलं. झडप बंद. एका हाताने झडप उचलली, तर पाकीट वॉकरच्या टोपलीत. एक हात झडपेला हवा, एक पाकिटाला, आणि तिसरा वॉकर धरायला. त्यांनी वॉकर अर्धा क्षण सोडून बघितला. खुब्यातून कळ आली, गुडघा लचकला, वॉकर पुढे सरकला. त्यांनी घाईने परत धरला. पुन्हा एकदा बघितलं. रस्त्याच्या पलीकडून एक सायकलवाला 'सुप्रभात' म्हणून गेला, आणि मास्तरांनी सवयीने टोपीला हात लावायला वॉकर सोडला, तेव्हा तर ते पेटीवरच आदळले.

ते तसेच, पेटीला गाल लावून उभे राहिले.

"ग्राझिना."

"हां?"

"मला जमत नाही. धरा."

मग ग्राझिना समोर आली, आणि तिने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं.

"कुठे आहे ती बाई?" ती म्हणाली. "आं? आत्ता कुठे आहे ती लिंडहोर्स्ट? हे तुम्ही पत्र्याच्या पेटीला सांगताय?"

"धरता का?"

"धरते, धरते." तिने दोन्ही मुठींत त्यांच्या कोटाची पाठ घट्ट पकडली आणि पाय रोवले. "सोडा वॉकर. दोन्ही हात सोडा. मी आहे."

मास्तरांनी दोन्ही हात सोडले. डाव्याने झडप उचलली, उजव्याने पाकीट लोटलं. ते मध्येच अडकलं. त्यांनी अंगठ्याने रेटलं, आणि नोल्टिंगबाईंच्या पत्राचं उत्तर धप्‌ करून पेटीच्या तळाशी पडलं.